कादंबरी लिहून व्हायला किती दिवस लागतात?
ठरावीक असं काही नाही हो. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. पुढची 'बिढार' यायला १९७५ उजाडलं!

माझा पहिला खर्डा चार महिन्यांत झाला, दुरुस्तीत मात्र दोन वर्षं गेली. एका प्रसंगात सासू सुनेवर राग काढते. तिथे पानभर कडाक्याचं भांडण लिहिलं होतं, ते सगळं खोडलं. आता सासू फक्त सुनेचं ताट वेगळं विसळून पालथं घालते. एवढ्या एका वाक्याला आठवडा लागला. (बायको म्हणाली, "हे आधीच नाही का सुचलं?") तेव्हा दिवस मोजू नका. खर्डा झाला की महिनाभर कपाटात टाका, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा.