व्यापार संमतीने होतो, मग प्रदूषणाचा भार एकाच बाजूवर कसा पडतो?

आपला प्रश्न असा आहे: "आंतरराष्ट्रीय व्यापार दोन्ही बाजूंच्या संमतीने होतो आणि दोघांनाही त्यातून लाभ मिळतो, मग श्रीमंत देश आपले प्रदूषण गरीब देशांच्या माथी मारतात, या आरोपात तथ्य आहे का?" माझ्या मते तथ्य आहे, आणि ते आपण वापरलेल्या 'संमती' या शब्दापाशीच तपासावे लागते. सौद्यावर सही करणारे दोघे असतात, विकणारा आणि घेणारा; ज्याच्या विहिरीत रसायन उतरते किंवा ज्याच्या छातीत धूर जातो, तो तिसरा माणूस बहुधा त्या सौद्यात नसतोच. त्याचे नुकसान मालाच्या किमतीत धरलेले नसते, म्हणून माल स्वस्त पडतो आणि त्या स्वस्ताईचा लाभ दूरच्या ग्राहकाला मिळतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला प्रशांत महासागरातील नाऊरू या बेटाचे वाटते. अवघ्या 21 चौरस किलोमीटरच्या या बेटावर उत्तम प्रतीचे फॉस्फेट होते. 1907 च्या सुमारास तेथे खाणकाम सुरू झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन देशांनी मिळून नेमलेल्या आयोगाकडे ते गेले. हे फॉस्फेट जागतिक बाजारभावापेक्षा कमी दराने मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर खत म्हणून पोहोचत असे. तिकडे कुरणे आणि पिके बहरली. इकडे वरची माती खरवडून काढल्यावर चुनखडीच्या सुळक्यांमधल्या खाचांतून फॉस्फेट उपसले जाई, आणि मागे उरत ते माणसापेक्षा उंच, टोकदार, उघडे सुळके. तेथे शेती होत नाही, घर बांधता येत नाही, धड चालताही येत नाही. बेटाचा मधला बहुतेक भाग असा झाला असून वस्ती किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्टीत एकवटली आहे.

1968 मध्ये स्वतंत्र झालेल्या नाऊरूने 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या जमिनीच्या पुनर्वसनाची जबाबदारी कोणाची, हा वादाचा मुद्दा होता. 1992 मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. स्वातंत्र्यानंतर नाऊरूने स्वतःही खाणकाम चालू ठेवले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ज्या देशाचे एकमेव उत्पन्न त्याच खाणीवर बेतलेले होते, त्याच्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? पैसे मिळाले, माती मात्र परत आली नाही. ज्या शेतांना त्या मातीचा लाभ झाला, ती आजही पिकत आहेत.

हा वसाहतकाळाचा इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी अलीकडचे एक मोजमाप सांगतो. 2017 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवेतील सूक्ष्म कणांमुळे 2007 या वर्षी झालेल्या अकाली मृत्यूंचा हिशेब मांडला होता. सुमारे 34.5 लाख मृत्यूंपैकी 22 टक्के मृत्यूंचा संबंध अशा वस्तू व सेवांशी होता, ज्या एका प्रदेशात तयार झाल्या आणि दुसऱ्या प्रदेशात वापरल्या गेल्या. त्यांतही पश्चिम युरोप आणि अमेरिकेतील उपभोगाशी जोडलेले एकट्या चीनमधील मृत्यू एक लाखाहून अधिक होते. त्या कारखान्यांनी रोजगार दिला, लाखो कुटुंबांना गरिबीतून वर काढले, हे खरेच आहे आणि मी ते कमी लेखत नाही. मात्र पगार कामगाराला मिळतो, नफा मालकाला मिळतो आणि धूर शेजारच्या वस्तीतील तान्ह्या मुलाच्याही वाट्याला येतो. देशाचा एकूण लाभ दाखवला की हा फरक दिसेनासा होतो.

हवामानबदलाच्या हिशेबातही हेच घडते. संयुक्त राष्ट्रांच्या 1992 च्या करारानुसार प्रत्येक देश आपल्या हद्दीत झालेले उत्सर्जन मोजतो. पोलाद, सिमेंट किंवा कपडे बाहेरून मागवले, तर त्यांचा धूर निर्यात करणाऱ्याच्या खात्यावर चढतो आणि आयात करणारा देश कागदावर स्वच्छ दिसतो. चीनचे बहुतांश उत्सर्जन त्याच्या स्वतःच्याच गरजांसाठी होते, तेव्हा सगळा दोष आयातदारांवर ढकलणेही चूक ठरेल. तरीही जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा व्यापारातील मालात दडलेला असतो, आणि एवढा मोठा भाग हिशेबाबाहेर ठेवून जबाबदारी ठरवता येत नाही. ब्रिटनचे सरकार हद्दीतील उत्सर्जनासोबत उपभोगावर आधारित आकडेही प्रसिद्ध करते. इतर श्रीमंत देशांनी निदान एवढे तरी करावे.

संमतीच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय कायद्यालाही मान्य कराव्या लागल्या आहेत. घातक कचऱ्यासंबंधीचा 1989 चा बासेल करार मुळात संमतीवरच उभा होता: घेणाऱ्या देशाची लेखी पूर्वसंमती असेल, तर कचरा पाठवता येई. कर्जात बुडालेल्या सरकारकडून अशी संमती मिळवणे अवघड नसते, हे पुढे दिसून आले. म्हणून 1995 च्या दुरुस्तीने श्रीमंत देशांतून इतर, तुलनेने गरीब देशांत घातक कचरा पाठवण्यावर, संमती असली तरी, बंदी घातली. ती अमलात यायला 2019 साल उजाडले, आणि अमेरिका तर मूळ करारातही सामील झालेली नाही. 2018 मध्ये चीनने प्लॅस्टिक कचरा घेणे थांबवले, तेव्हा तो कचरा निर्माण होणे थांबले नाही. तो मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनामच्या बंदरांकडे वळला.

आता युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते यांसारख्या आयातीवर कार्बनशुल्क आणले आहे. 1 जानेवारी 2026 पासून होणाऱ्या आयातीला ते प्रत्यक्ष लागू झाले. किमतीत प्रदूषणाचा खर्च धरावा, हे तत्त्व मला मान्य आहे, कारण वर मांडलेली अडचण नेमकी तीच आहे. आक्षेप आहे तो पैसा कोठे जातो यावर. शुल्काचा भार निर्यात करणाऱ्या देशातील उद्योगावर येतो आणि महसूल युरोपच्या तिजोरीत जमा होतो; अत्यंत गरीब देशांनाही सरसकट सूट नाही. अनेक वर्षे युरोपला ॲल्युमिनियम पुरवत आलेल्या मोझांबिकसारख्या देशाकडे स्वच्छ तंत्रज्ञानासाठी भांडवल कोठून येणार? हा महसूल त्याच देशांतील कारखाने सुधारण्यासाठी आणि प्रदूषणाने आजारी पडलेल्यांच्या उपचारासाठी परत दिला, तर या शुल्काला न्याय्य म्हणता येईल. सध्याच्या स्वरूपात मी तसे म्हणू शकत नाही.