फोटो काढून अनोळखी माणसाचा दिवस खरंच चांगला होतो का, की आपणच खूश होतो?

खरं सांगू का, नुसता फोटो काढला तर आपणच खूश होतो. समोरच्याला काय मिळतं? तोच फोटो प्रिंट होऊन त्याच्या हातात पडला की मग गंमत सुरू होते. मी नाशिकचा, फोटोग्राफी हा काही माझा धंदा नाही, हौस आहे, त्यामुळे सांगतोय ते घाटावर फिरून कळलेलं आहे.

आमच्याकडे गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तिथे एक मावशी मेथी-शेपू घेऊन बसतात. फोटो काढू का विचारलं तर आधी म्हणाल्या, "पेपरात देतो काय?" नाही म्हटल्यावर पदर सारखा केला, जुड्यांवर पाणी मारलं आणि पासपोर्टला बसतात तशा ताठ बसल्या, हसायचं नाव नाही. तसा एक काढला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, भाव करता करता मावशी खळखळून हसल्या, तो दुसरा. पुढच्या बाजाराला दोन्ही प्रिंट नेऊन दिल्या तर हसऱ्या फोटोकडे बघून म्हणतात "हा नको बाबा, दात दिसतात", आणि ताठवाला पैशाच्या पिशवीत नीट ठेवून दिला. मला हसराच आवडला होता, पण चेहरा त्यांचा, पसंती त्यांची. शेजारच्या लिंबूवाल्याने तो हसरा उचलला आणि अख्ख्या लाईनीत दाखवत सुटला, मावशी जागेवरून त्याला शिव्या घालतायत आणि स्वतःच हसतायत, मग काय, "दादा माझा पण काढा" सुरूच झालं. आता गेलो की लांबून हाका येतात, मेथीचे पैसे घ्या म्हणून मलाच भांडावं लागतं.

लोक कॅमेऱ्याला बिचकतात हे मात्र खरं, आणि ते आजचं नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके, सिनेमात यायच्या आधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला होता, तिथे लोकांना वाटायचं की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो! आता भीती वेगळी, हा पोरगा फोटो कुठे व्हायरल करेल काय माहीत. म्हणून आधी बोला, काढल्यावर स्क्रीनवर दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच डिलीट करा.

आणि रामकुंडावर जरा भान ठेवा. तिथे लोक अस्थी विसर्जनाला येतात, कुणाचं मुंडण चाललेलं असतं, कुणी रडत असतं. लांबून झूम लावून असे फोटो काढणारे बघितले की मला चीड येते, मग तो फोटो कितीही भारी येवो.

कॅमेरा महागच हवा असं काही नाही, मोबाईल चालतो. फक्त लांबी-रुंदीचं प्रमाण बघा, मोबाईलचा फोटो सहसा असतो ४:३ आणि ४×६ इंची प्रिंट ३:२, म्हणजे आडवा फोटो वरून खालून कापला जातो, डोक्यावर जागा सोडा नाहीतर मावशींचा अंबाडा गायब. स्टुडिओवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की क्वालिटी मार खाते. बाजारात निळ्या ताडपत्र्या असतात, त्याखाली चेहरा पण निळसर येतो, तो ब्लॅक अँड व्हाईट करून टाका किंवा माणसाला जरा कडेच्या उजेडात बसायला सांगा. फोटो तिथल्या तिथे बाहेर काढणारा साधा इन्स्टॅक्स कॅमेरा असेल तर कार्ड मिनिट-दीड मिनिटात समोरच उमटतं, पोरं तर वेडी होतात बघून, पण फिल्म महाग पडते आणि कार्ड एकच निघतं, ते त्यांना दिलं की आपल्याकडे काही उरत नाही.

प्रिंट सांगताना मॅट सांगा, म्हणजे बिनचकाकीचा कागद. ग्लॉसीवर ओल्या बोटांचे डाग पडतात आणि भाजीवाल्यांचे हात दिवसभर ओलेच असतात.