ॲम्पचा रॅक बॉक्सला नको, गाडीला बांधा

प्रश्न : माझी पाच दरवाजांची पेट्रोल हॅचबॅक आहे. दोन वर्षांपूर्वी मी चार चॅनेलचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर (क्लास एबी, प्रत्येकी ७५ वॅट), वूफरसाठी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा ॲम्प (क्लास डी, ५०० वॅट) आणि १२ इंची सबवूफर बसवून घेतला. दोन्ही ॲम्प वूफरच्या बॉक्सच्या पाठीवरच स्क्रूनं मारलेले होते. गणपतीला गावी येताना फोंडा घाटात मागून ‘धप्प’ असा आवाज आला. डिकी उघडली तर मोनोब्लॉक दोन स्क्रूंवर लोंबकळत होता आणि मेन वायर बॉक्सच्या कडेला घासून तांबं उघडं पडलं होतं. आता वेगळा, भक्कम रॅक स्वतः बनवायचा विचार आहे. जिगसॉ, ड्रिल मशीन आणि थोडी सुतारी हत्यारं घरी आहेत. प्लाय वापरू की लोखंड? आणि बसवू कुठे?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : रॅकचं पुढे बघू. आधी बॉनेट उघडून बॅटरीजवळचा मेन फ्यूज काढून ठेवा. ती उघडी पडलेली वायर पत्र्याला टेकली तर गाडीची बॅटरी क्षणात काहीशे अँपिअर सोडते, आणि वायरच तापून पेटते. बॅटरीजवळ फ्यूज सापडलाच नाही, तर वायर बॅटरीवरून सोडवा आणि फ्यूज बसेपर्यंत पुन्हा जोडू नका. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. मागे ॲम्पजवळ असलेला फ्यूज ॲम्पला वाचवतो, मधल्या पाच मीटर वायरला नाही.

तुमचा ॲम्प सुटला यात नवल नाही. वूफर ४० हर्ट्झचा सूर वाजवतो तेव्हा बॉक्सची प्रत्येक फळी सेकंदाला ४० वेळा थरथरते. तासाभरात हे १,४४,००० हेलकावे झाले. बॉक्स बहुतेक एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा असतो. त्यात शिरलेल्या स्क्रूभोवतीचा भुसा हळूहळू मोकळा होतो, स्क्रू फिरायला लागतो आणि एक दिवस बाहेर येतो. शिवाय प्रत्येक भोकातून हवा गळण्याचा धोका राहतो. म्हणजे आवाजही बिघडतो.

हे मी अनुभवानं सांगतोय. कोल्हापुरात दुकान टाकल्यावर पहिली काही वर्षं मीही ॲम्प बॉक्सवरच मारत होतो. तेव्हा सगळेच तसं करायचे. मग एका गिऱ्हाइकाची गाडी रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. वेग फार नव्हता, पण मी बसवलेला ॲम्प सुटून मागच्या सीटच्या डोक्याच्या उशीवर आदळला. सीटवर कुणी नव्हतं. त्यांची मुलगी एरवी तिथेच बसायची. दुसऱ्या दिवशी ती फाटलेली उशी त्यांनी माझ्या काउंटरवर आणून ठेवली, एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर आजतागायत मी एकही ॲम्प बॉक्सवर मारलेला नाही.

आता तुमचंच गणित करू. दोन ॲम्प मिळून सात किलो धरा, फळी आणि बोल्टचे चार. अकरा किलो झाले. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. म्हणजे तुमचा रॅक पुढे जाण्यासाठी २२० किलोचा जोर लावणार. रॅकची मजबुती या आकड्यावर ठरवायची, वरचा कार्पेट किती देखणा आहे यावर नाही.

प्लाय की लोखंड, तर दोन्ही. फळी प्लायची, पाय लोखंडाचे. प्लाय १८ मिलिमीटरचा घ्या आणि बीडब्ल्यूपी, म्हणजे ज्याला दुकानात मरीन म्हणतात तोच मागा. त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, तो स्वतः बघा. तुमच्या कोकणात चार महिने डिकीत ओलावा असतो. तिथं एमडीएफ पावासारखा फुगतो आणि बोल्टची पकड जाते. ऑगस्ट २०१९ च्या पंचगंगेच्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांमधले एमडीएफचे बॉक्स हातानं सोलून निघत होते. मरीन प्लायच्या फळ्या मात्र धुऊन, वाळवून परत वापरता आल्या.

पैसे वाचवायला १२ मिलिमीटरचा प्लाय घेऊ नका. ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबात वाढतो. दीडपट जाड फळी जवळजवळ साडेतीनपट ताठ होते. वाकणारी फळी बेसबरोबर स्वतःही गुणगुणते, आणि ती गुणगुण कुठून येते हे शोधण्यात महिने जातात. त्याच कारणानं मागून दर फुटावर एक उभी पट्टी द्या.

माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने करायचे. सागवानाला करवत लावण्याआधी ते नेहमी पुठ्ठ्याचा नमुना कापायचे, आणि तो जागेवर बसवून तासभर नुसता बघत राहायचे. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. आज मी तेच करतो, आणि तुम्हीही करा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, डिकीत उभा धरा, कापा, पुन्हा धरा. डिकीच्या बाजू काटकोनात नसतात आणि चाकांवरचे उंचवटे दोन्हीकडे सारखे नसतात, त्यामुळे टेपनं घेतलेलं माप इथं फसवतं. ॲम्पचेही पुठ्ठे कापून त्यावर मांडा. कोणत्या बाजूनं पॉवरची वायर येते, कोणत्या बाजूनं आरसीए, म्हणजे स्टीरिओकडून येणारी आवाजाची वायर, गेनचा (आवाजाची पातळी जुळवायचा) स्क्रू फिरवायला पेचकस कुठून जाईल, हे तिथंच कळतं. वायर वळायला प्रत्येक टोकाला तीन इंच तरी मोकळे ठेवा. नवशिक्यांचा रॅक बहुधा इथंच चुकतो. ॲम्प बरोबर बसतो, पण वायर लावायला बोट जात नाही.

जागा म्हणाल तर मागच्या सीटच्या पाठीमागे दोन इंच सोडून उभी फळी. सीटच्या पाठीलाच फळी मारायचा सल्ला पुष्कळ लोक देतात. तो ऐकू नका. त्या पाठीवर तुमची माणसं टेकून बसतात, आणि धडकेत तिच्यावर आधीच पुरेसा भार असतो. उभ्या फळीचा आणखी एक फायदा असा की ॲम्पच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या उभ्या ठेवता येतात आणि गरम हवा त्यांच्यामधून वर निघून जाते. ॲम्प उलटा, छताला लटकवल्यासारखा कधी बसवू नका. त्याची उष्णता त्याच्याच सर्किटमध्ये चढते. तुमचा क्लास एबी ॲम्प घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ चाळीस टक्के उष्णता म्हणून टाकतो. त्याच्याभोवती सगळीकडून दोन इंच हवा ठेवा, आणि समोर झाकण लावणार असाल तर त्याला खाली आणि वर दोन्हीकडे जाळी द्या. नुसती वर जाळी असून हवा खेळत नाही.

फळीच्या खाली २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरच्या अँगलची चौकट करून घ्या. मागे दोन तिरके टेकू हवेत. हे जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, पण वेल्डिंग बाकावर, गाडीत नाही. रेड ऑक्साइड आणि वर रंगाचे दोन हात.

आता सगळ्यात नाजूक काम, चौकट गाडीला बांधायचं. बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. म्हणून डिकीत वरून बघून भोक पाडायचं नाही. गाडी रॅम्पवर घ्या, खालून टॉर्च मारून टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून जातंय ते बघा, खालूनच खडूनं खूण करा. तयार आटे असतील, उदाहरणार्थ सामान बांधायच्या हुकांचे, तर ते आधी वापरा. सीटबेल्टच्या आणि सीटच्या बोल्टला हात लावू नका, अर्थिंगसाठीसुद्धा नाही.

चार एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट पुरे. एक एम ८ बोल्ट चांगल्या प्रतीचा असेल तर तुमचे २२० किलो एकटा पेलतो. फाटतो तो गाडीचा पत्रा, कारण तो जेमतेम पाऊण मिलिमीटर असतो. म्हणून प्रत्येक बोल्टला खालून दीड इंच चौरस, ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्या, नुसता वॉशर नको. भोकाच्या कडेला प्राइमर लावा, वर सिलिकॉन भरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू होईल. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे.

ॲम्प फळीला लावताना लाकडाचे स्क्रू नकोत. मागून टी-नट, म्हणजे लाकडात रुतणारे दातेरी नट ठोका आणि पुढून एम ५ चे मशीन स्क्रू घाला. पाहिजे तितक्या वेळा काढा-घाला, पकड तीच राहते. ॲम्पच्या पायाखाली रबरी बुश द्या, ते चपटे होतील इतके आवळू नका.

वायरचं थोडक्यात सांगतो. तुमचे दोन्ही ॲम्प भर आवाजात मिळून साधारण ८० अँपिअर मागतात. तेव्हा २५ चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची वायर घ्या. पाच मीटरमध्ये तिच्यात जेमतेम पाव व्होल्ट पडतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते. चाकूनं टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती नको. बॅटरीजवळ १०० अँपिअरचा फ्यूज, रॅकवर प्रत्येक ॲम्पला त्याच्यावर लिहिलेल्या मापाचा वेगळा. अर्थिंगची वायर तितकीच जाड, दीड फुटाच्या आत, आणि जिथे जोडाल तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेत बसणारी रबराची कडी. तुमचं तांबं उघडं पडलं ते अशा एका कडेपायीच.

सगळं बसल्यावर वायर लावण्याआधी फळीचा वरचा काठ दोन्ही हातांनी धरून गाडी हलवा. गाडी हलली पाहिजे, रॅक नाही. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चौकटीवर येईल अशी नेलपेंटची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी फोंडा घाट उतरून गेलात की डिकी उघडून रेघा बघा. रेघ तुटली असेल तर बोल्ट फिरलाय.

प्रश्न : माझ्या गाडीच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर आहे. एकच छोटा ॲम्प आहे. सिलिंडरच्या ब्रॅकेटला पट्टी जोडून त्यावर बसवला तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. त्या ब्रॅकेटवर सिलिंडर सोडून काहीही बसवायचं नाही, आणि त्याला नवीन भोकही पाडायचं नाही. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी सिलिंडर काढावा लागतो. रॅक आडवा आला की तो घाईघाईनं उचकटला जातो, आणि परत बसतो तो अर्धवट आवळलेला. शिवाय ॲम्प आणि त्याचा फ्यूज गॅसच्या जोडांपासून लांबच बरा.

ॲम्प क्लास डी, म्हणजे कमी तापणाऱ्या प्रकारचा असेल तर पुढच्या डाव्या सीटखाली बसवा. आधी सीट पूर्ण मागे-पुढे करून खालची उंची मोजा. मागच्या प्रवाशांसाठी एसीची नळी तिथून जाते का ते बघा. पिवळ्या स्लीव्हच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना धक्का लावू नका. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय इथं चालेल, कारण तुकडा लहान आहे. मात्र तो कार्पेटवर सपाट ठेवू नका. पावसात ओल्या चपलांचं पाणी तिथंच साचतं. चार रबरी गुटक्यांवर इंचभर उचला, आणि गुटक्यांमधून बोल्ट घेऊन सीटच्या रुळांमधल्या पत्र्याला बांधा. तिथंही भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन बघाच.