सुरुवात एकाच मालिकेपासून करा

धातूच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवायला सुरुवात करायची, हा तुमचा उत्साह वाचून आनंद झाला. पण डिंकी, कॉर्गी, मॅचबॉक्स अशा सगळ्या ब्रँडच्या गाड्या एकदम घेऊ नका. पहिलं वर्ष एकाच मालिकेला द्या. मी नव्या माणसाला लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स १-७५ (१ ते ७५ क्रमांकांच्या गाड्यांची मालिका) मधल्या, १९६९ मध्ये 'सुपरफास्ट' नावाची वेगाने पळणारी चाकं येण्याआधीच्या गाड्या सुचवतो. लहान, देखण्या, आणि खेळून झिजलेल्या अजूनही परवडतात.

गाडी हातात आली की आधी उलटी करा. तळपत्रा ज्या रिवेटने धरलेला असतो, तिचं डोकं गुळगुळीत, अखंड हवं. ड्रिलचा खड्डा किंवा स्क्रू दिसला, तर गाडी उघडलेली आहे, बहुधा रंगही नवा आहे. मग 'मूळ रंग' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- रंग उडालेली गाडी घरी रंगवणं. कृपा करून नको! ओरखड्यांसकट मूळ रंगालाच किंमत असते.
- स्टिकर असलेली गाडी पाण्यात बुडवून धुणं. कोरडा मऊ ब्रश पुरतो.
- गाडीच्या नक्कल केलेल्या खोक्याला अस्सल समजणं.
- दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी घाईने घेणं. त्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ असेल तर तडे जाऊन तुकडे पडतात, आणि त्यावर इलाज नाही.

कॉर्गीची १९६५ ची सोनेरी जेम्स बाँड ॲस्टन मार्टिन मिळाली, तर उडत्या (छतातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या) सीटवरचा छोटा माणूस आहे का बघा. तो बहुतेक वेळा हरवलेला असतो.

रंगछटांचे बारकावे सध्या राहू द्या. पहिली गाडी घेतलीत की तळाचा फोटो नक्की टाका.