आधी रेघ, मग रंग

पोरी,

काल तू पुरात भिजलेल्या अल्बमची पिशवी घेऊन आलीस आणि बसायच्या आधीच विचारलंस, काका पुट्टी कधी मारायची. मी जरा तुटकच बोललो, ते रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून लिहितोय. बाबा म्हणतात पंधरा दिवसांत घर पहिल्यासारखं दिसलं पाहिजे, एजंट म्हणतो पाण्याचे फोटो ग्रुपवरून काढून टाका नाहीतर फ्लॅटचा भाव पडेल, आणि तू आपल्या भागाचा इतिहास लिहायला घेतलायस तर घरचे म्हणतात हे आत्ताच कुठून सुचलं. घर आधी की इतिहास आधी यात तू अडकलीयस. अगं दोन्ही एकाच भिंतीवर आहे. तुमच्या हॉलमध्ये पाणी जिथवर चढलं तिथे ती चॉकलेटी रेघ उठलीये ना, ती मापून घे, लिहून घे, पक्की करून घे, आणि मग रंगाचं बघ. आधी रेघ, मग रंग. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

१२ जुलै १९६१ ला मी सात वर्षांचा होतो. आमचा वाडा पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. पानशेत धरणाचं काम अजून पुरतं झालेलं नव्हतं, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं होतं हे आम्हाला फार नंतर कळलं, सकाळी ते फुटलं आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही फुटलं. आई आम्हा भावंडांना घेऊन पर्वतीकडे पळाली. परत आलो तर अर्धा वाडा बसलेला, मातीच्या भिंती विरघळून गेलेल्या, मधली एक विटा-चुन्यातली भिंत तेवढी उभी. वडिलांनी भांडी शोधायच्या आधी पेन्सिल काढली, पाण्याची खूण होती तिथे आडवी रेघ ओढली, खाली तारीख घातली आणि जोत्यापासून किती हात ते लिहिलं. आई चिडली होती, खडकवासला रिकामं झालं म्हणजे शहराला प्यायला पाणी नाही, मुलं उपाशी, आणि हे भिंतीवर लिहीत बसलेत. मला अजून तिचा आवाज आठवतो.

ती रेघ मी घालवली. ताईच्या लग्नाच्या वेळेस. नुकताच डिप्लोमा करून साइटवर जायला लागलो होतो, घरात सगळे माझंच ऐकायचे, चुन्याची भिंत पोपडे धरते म्हणून मी ती खरवडली, वर सिमेंटचं प्लास्टर चढवलं आणि ते धड वाळायच्या आत डिस्टेंपर मारला. वडील दारात उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगलं. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, सिमेंटने ती आत कोंडली, मग लोणा फुटला, भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी हाताला. म्हणजे भिंतही गेली आणि रेघही. पुढे वाडा पाडून बिल्डिंग व्हायची होती तेव्हा आर्किटेक्टने विचारलं, इथे पाणी किती आलं होतं हो? आम्ही तिघे भाऊ, तिघांची तीन उत्तरं. वडील तोवर गेले होते. त्यांना विचारायचं राहिलं असं नाही, उत्तर भिंतीवर होतं आणि ते मी थापीने पुसलं होतं.

त्यानंतर मी या एका गोष्टीला धरून बसलोय. नव्या बिल्डिंगच्या जिन्यात पाण्याची खूण दगडात कोरून बसवा असं मी म्हटलं, अंदाजाने का होईना, शेजारच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून. लोकांना अपशकुनी वाटलं. मी आठ महिने कागदावर सही केली नाही. धाकटा भाऊ त्यावरून आजही माझ्याशी बोलत नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. तुला हे कोणीतरी सांगेलच, काका भांडकुदळ आहे म्हणून, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. मला भाऊ दुरावल्याचं दुःख आहे, दगडाचं नाही. दगड बसला. काल-परवा नदीला पाणी सोडलं तेव्हा तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूने त्या दगडाकडे बघून आपली गाडी वर नेऊन लावली. मला कोणी विचारलं की एका रेघेसाठी एवढं का, तर मी हेच सांगतो, त्याला सांगायला त्या वेळी तिथे दुसरं कोणी नव्हतं.

बरं, तुझं घर. वायरिंगला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून वायरमन हो म्हणेपर्यंत मेन स्विच वर करायचा नाही, यावर चर्चा नाही. कोपऱ्यातला, कपाटामागचा, ड्रेनेजच्या तोंडाचा गाळ ओला आहे तोवर काढा, वाळला की दगड होतो. पीओपी आणि जिप्सम प्लास्टर भिजलंय ते वाचवायच्या नादाला लागू नका, काढूनच टाका, आणि पाण्याच्या रेघेच्या वर किमान एक फूट काढा कारण ओल विटेतून वर चढते. बघ, इथेही रेघच लागते. रेघ नसेल तर मिस्त्री कुठपर्यंत फोडायचं ते अंदाजाने ठरवणार. पार्टिकल बोर्डाचं किचन फुगलंय ते परत बसत नाही, त्याचा मोह सोडा. आजीचं सागवानी कपाट मात्र टाकू नका, दारं काढून सावलीत, वारा लागेल असं ठेवा, उन्हात ठेवलंत तर तडकेल. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय तिचं पाणी कोणी तोंडात घ्यायचं नाही.

आणि पुट्टी. नऊ इंची भिंत आतपर्यंत वाळायला महिने लागतात, हात लावून कोरडी वाटली म्हणजे कोरडी नसते. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटव, रात्रभर ठेव, सकाळी आतून घाम दिसला तर भिंत अजून पाणी सोडतेय, पुट्टीचं नाव काढायचं नाही. बाबांना घाई का आहे ते मला कळतं गं, रोज ती चॉकलेटी भिंत बघवत नाही. मलाही बघवत नव्हती. त्या घाईपायीच मी चूक केली. थोडे महिने उघड्या विटांच्या घरात राहा, खिडक्या उघड्या, पंखे चालू.

अल्बमचे फोटो एकमेकांना चिकटलेत ते ओढू नकोस. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळू सुटे कर आणि फोटोची बाजू वर करून वाळव. सगळे एका दिवसात होणार नाहीत, तर उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाक, गोठले की बुरशी थांबते, मग निवांत चारचार काढून कर. तुझ्या आजीच्या सोसायटीच्या पायाभरणीचा फोटो त्यात आहे, मी पाहिलाय, मागे नांगरलेलं शेत दिसतंय त्यात, तो आधी.

कारण तू काल म्हणालीस की आमच्या भागाला काय इतिहास काका, तीसेक वर्षांपूर्वी तर नुसती शेतं होती. याचा मला राग आला. पेठांनाच इतिहास असतो असं कोणी सांगितलं तुला? सहकारनगर, गोखलेनगरात पुराने उठलेली माणसं जाऊन बसली म्हणून तिथे वस्ती वाढली, काही तर आधी निसन हटमध्ये राहिली, अर्धगोल पत्र्याची घरं, उन्हाळ्यात भट्टी, आणि त्यांच्या सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचा घोळ पुढे कित्येक दशकं चालला. ते उपनगर पाण्याने वसवलंय. आणि तुमचं? सिंहगड रोडच्या त्या नदीकाठच्या जमिनीला शेतकरी काय म्हणायचे ते विचारलंस का कोणाला? नदीने गाळ आणून टाकलेल्या जमिनीला मळई म्हणतात, तिच्यावर पीक सोन्यासारखं येतं कारण दरवर्षी पाणी चढतं. ज्यांनी विकली त्यांना हे माहीत होतं, ज्यांनी घेतली त्यांनी विचारलं नाही. ओढा कुठून यायचा, तो कोणत्या पार्किंगखाली गेला, वडगाव-हिंगण्यातले जुने लोक अजून बोटाने दाखवतात. त्यांच्याकडे जा. यंदा जा, पुढच्या वर्षी त्यातले किती असतील?

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. तुमची सोसायटी कुठे पडते ते बघून ठेव. पण त्या रेषा गणिताने काढलेल्या असतात आणि त्यावर वाद चालू राहतात, आज इकडे उद्या तिकडे. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलेलं असताना एकता नगरीच्या बाजूला ते कुठवर आलं, हे तुमच्या भिंतीने स्वतः सांगितलंय. पंचनाम्याच्या फोटोत ती रेघ टेपसकट दिसू दे, विम्याच्या सर्व्हेयरलाही तीच दाखव. नाही दाखवली तर गेलेलं सामान कोणी मानणार नाही.

आणि मोजताना फरशीपासून मोजू नकोस. ही चूक सगळे करतात. चार फूट पाणी होतं म्हणतात, पण नवी टाइल पडली, रस्ता डांबरावर डांबर चढून वर आला, की ते चार फूट कशापासून? जिन्याच्या अमुक पायरीपासून, जोत्याच्या दगडापासून, जे हलणार नाही त्याच्यापासून मोज.

एजंटचं काय करायचं विचारलंस. भाव पडला तर पडू दे असं मी तुझ्या वडिलांना सांगू शकत नाही, कर्ज त्यांचं आहे. पण जो मुलाबाळांना घेऊन तळमजला विकत घेणार त्याला काही न कळवता विकायचं हे तुला जमणार नाही, मी तुला ओळखतो, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही. आधी रेघ, मग रंग, मग विकायचं असेल तर विका.

रविवारी सकाळी नऊला मी येतोय. लेव्हल ट्यूब माझ्याकडे आहे, साइटवरची जुनी पारदर्शक नळी, पाणी भरून एक टोक तुझ्या हॉलमधल्या रेघेला धरू आणि दुसरं जिन्यात नेऊ, म्हणजे तीच उंची सगळ्या मजल्याला दिसेल अशा जागी येईल. तुला धरायला एक माणूस लागेल, बाबांनाच उभं कर. रंगारी शनिवारी येणार म्हणालीस, त्याला फोन करून पुढे ढकल, आणि तोपर्यंत त्या भिंतीला ब्रश काय, ओलं फडकंही लागू देऊ नकोस.

काका