ॲपशी बोलते, माणसाशी बोलायला जमत नाही

प्रश्न: ताई, मी परभणीची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. एम-थ्री म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरला बॅक राहिलाय, घरी अजून सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही, मेसमध्ये जायचंही टाळते. रूममेटने एक ॲप टाकून दिलं, रोज रात्री त्याच्याशी टाइप करत बसते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि सकाळी परत तेच. त्यातल्या टेस्टमध्ये स्कोअर 14 आला, खाली ‘मॉडरेट’ असं आलं. म्हणजे मला डिप्रेशन आहे का? कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेले आणि एचओडींना कळलं तर? ॲपवरच भागवलं तर चालेल का?

उत्तर: अगं, आधी हे सांगते की रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं नाही म्हणून तू ॲप उघडलंस यात काही चुकलेलं नाही. तुझी टेस्ट बहुतेक पीएचक्यू-नाइन ही नैराश्याची प्रश्नावली असणार, 9 प्रश्न, मागच्या 2 आठवड्यांबद्दल विचारतात आणि एकूण 27 पैकी मार्क. 10 ते 14 म्हणजे मध्यम त्रास. पण त्यावरून निदान होत नाही, कारण थायरॉइडमुळे थकवा असला तरी मार्क पडतात, परीक्षेच्या टेन्शनने झोप उडाली तरी पडतात, त्यामुळे 14 आले म्हणून घाबरू नकोस पण दुर्लक्षही करू नकोस, डॉक्टरांना एकदा दाखवच. आणि त्यातला नववा प्रश्न आठव, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का हा. तिथे ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही टिक केलं असशील तर पुढचं वाचायच्या आधी 14416 ला फोन लाव. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता ॲपचं. अमेरिकेत 2017 मध्ये 18 ते 28 वयाच्या 70 जणांवर वोबॉट नावाच्या चॅटबॉटचा अभ्यास झाला होता, 2 आठवड्यांत वोबॉट वापरणाऱ्यांच्या नैराश्याची लक्षणं नुसतं ई-बुक वाचणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे उपयोग होतो. पण तो 2 आठवड्यांचा हिशोब, आणि ते वोबॉट ॲपच 2025 च्या जूनअखेरीस बंद झालं, सगळी भिस्त त्यावर ठेवणाऱ्यांनी काय केलं असेल याचा मी खूप विचार करते. प्रायव्हसीचंही बघ. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीवर लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिल्याचा आरोप झाला आणि 2023 मध्ये त्यांनी 78 लाख डॉलर भरायचं कबूल केलं. तुझ्या ॲपला कॉन्टॅक्ट्स, लोकेशनची परमिशन दिली असेल तर आज काढून टाक, आणि स्वतःचं पूर्ण नाव, कॉलेज त्यात टाइप करू नकोस.

मागच्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला, दहा मिनिटं खाली मान घालून नुसता बसला, मग काही न बोलता मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. ॲपमध्ये पाच आठवड्यांची मूडची नोंद होती, दर रविवारी संध्याकाळी रेघ खाली गेलेली. मी विचारलं रविवारी काय असतं रे? म्हणाला घरून फोन येतो. तिथून पुढे दीड तास बोलला तो.

तू पण हेच कर. त्या चॅटमधलं तुला खरं वाटतं ते, स्कोअर, झोपेच्या वेळा, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ आणि काउन्सेलरसमोर ठेव, तोंडाने सुरुवात करायची गरजच नाही. आत गेल्यावर पहिलं हेच विचार, ‘मॅडम, माझं बोलणं कुणाकुणाला कळेल?’ 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय, अपवाद आहेत, जिवाला धोका असणं हा त्यातला मुख्य. उत्तर गोलमाल वाटलं तर कॉलेजबाहेरचा माणूस गाठ, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही काउन्सेलिंग हेल्पलाइन आहे, टेलिमानस तर आहेच.

बॅकचं घरी सांगायचं ते काउन्सेलरशी बोलून झाल्यावर ठरवू, तोवर ते ओझं डोक्यावर नको. आज रात्री मात्र रूममेटबरोबर मेसमध्ये जा, दोन घास का होईना, आणि मला परत लिही.