गणपतीपुळ्याच्या पाण्यात उतरण्यापूर्वी

प्रश्न : संकष्टीला सोलापूरहून कुटुंबासह गणपतीपुळ्याला जायचे आहे. समुद्रात कोणत्या वेळी उतरावे? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : वेळ घड्याळावर नव्हे, तिथीवर ठरवावी. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, तर सकाळी आणि रात्री नवाच्या सुमारास ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून तेथे पोहोचल्यावर जीवरक्षकाला किंवा स्थानिक कोळ्याला विचारून खात्री करावी.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास, जीवरक्षकाच्या नजरेसमोर, गुडघाभर पाण्यात भिजणे पुरेसे आहे. तीननंतर पाणी उतरू लागते, तेव्हा मुलांना बाहेर काढावे. संकष्टीचा उपवास करणारी मंडळी मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट असा रात्रभराचा प्रवास करून उपाशीपोटी थेट लाटांत शिरतात, याची मला फार काळजी वाटते. थकलेल्या शरीराला एक लाटही पाडू शकते. चंद्रोदयानंतर उपवास सुटला, तरी अंधारात पाण्याजवळ जाऊ नये.

प्रश्न : मी लहानपणापासून विहिरीत पोहतो, उजनीच्या पाण्यातही पोहलो आहे. मग समुद्राची भीती कशाला? (वाचक, मोहोळ)

उत्तर : आपले पोहणे उत्तमच असेल, तथापि विहिरीचे पाणी जागेवर उभे असते आणि चार हातांवर कठडा असतो, तर समुद्राचे पाणी स्वतःच चालत असते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी एखादी अरुंद वाट शोधते आणि त्या वाटेने वेगाने आत खेचले जाते. स्थानिक माणसे 'पाण्याला ओढ आहे' म्हणतात ती हीच. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि किंचित गढूळ दिसला, तर नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि नेमकी तीच टाळायची असते.

ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाविरुद्ध हात मारू नयेत, कारण पट्टीचा पोहणाराही त्यात दमून बुडतो. पाठीवर तरंगत श्वास सावरावा, हात वर करून मदत मागावी, आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडून मग लाटांबरोबर परतावे. ही ओढ माणसाला तळाशी नेत नाही, आत नेते; एवढे लक्षात राहिले तरी घाबरणे कमी होते. दुसरा कोणी बुडताना दिसल्यास मागोमाग उडी न घेता दोर, रिकामा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी, जीवरक्षकाला हाक मारावी आणि ११२ क्रमांकावर फोन करावा. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे गमावल्याच्या बातम्या आपण दर सुट्टीत वाचतो. गणपतीपुळ्यालाही यापूर्वी पर्यटक बुडाले आहेत. तेथील धोक्याचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत.

जून-जुलैत तर मासेमारीही बंद असते. जे कोळी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात, ते ज्या दिवसांत होड्या ओढून ठेवतात, त्या दिवसांत आपण पाण्यात उतरू नये.

प्रश्न : सोलापूरचे ४२ अंश आम्ही सहज सोसतो, मग कोकणातल्या ३३ अंशांनी आम्ही का गळून गेलो? (वाचक, बार्शी)

उत्तर : घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. आपल्याकडील कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. किनाऱ्यावरची हवा बाष्पाने भरलेली असल्याने तो अंगावरच निथळत राहतो आणि शरीरातील पाणी व मीठ मात्र जात राहते. पाण्यात भिजलेल्या माणसाला तहानही उशिरा जाणवते. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे घेत राहावे आणि बारा ते चार सावलीत घालवावेत.

प्रश्न : मोटार थेट वाळूत नेली तर चालेल का? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : नाही. ओल्या वाळूत चाके रुततात, भरती कोणासाठी थांबत नाही, आणि तेथे मुले खेळत असतात.